परदेश फिरून आलेला दगड

मी चुकीच्या स्मशानात गेलो. सोपान गेल्याचा फोन सकाळी आला. ‘निगडीला नेतायत’ एवढंच डोक्यात शिरलं, स्कूटर काढली, वाटेत हार घेतला आणि निगडीच्या स्मशानभूमीत जमलेल्या लोकांत मान खाली घालून उभा राहिलो. गर्दी बरीच होती. सोपानला गर्दी व्हायचीच, त्यामुळे शंका आली नाही. उलट आतल्या आत थोडा जळलोच, की माझ्या वेळी यातले निम्मे तरी येतील का. शेजारच्या सफारीतल्या गृहस्थांनी दबक्या आवाजात विचारलं, ‘तुम्ही नानांच्या कुठल्या खात्यात होता?’ मी म्हटलं, ‘शूटिंगमध्ये.’ ‘हो का? नाना शूटिंगपण करायचे? कधी बोलले नाहीत.’ नाना कोण, हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता, पण मी हुंदका आवरण्यात गुंतलो होतो. हार घालायला वाकलो तेव्हा दिसलं, की हे कंपनीतून निवृत्त झालेले कुणी भलतेच सज्जन आहेत, पांढऱ्या मिशांचे. घातलेला हार काढून घेणं बरं दिसलं नसतं. हात जोडले आणि मागच्या मागे सटकलो.

झालं होतं असं. आधी निगडीचंच ठरलं होतं. मग भावकी जमली आणि म्हणाली, माणूस गावचा आहे, गावालाच न्यायचा. महाळुंगे. तसा निरोप ‘सोपान फॉरेन’ नावाच्या ग्रुपवर पडला. मी त्या ग्रुपमध्ये आहे, पण तो मी कायमचा म्यूट करून ठेवलेला. सोपानबरोबर परदेशात जाऊन शूटिंग करून आलेल्या लोकांचा तो ग्रुप. रोज सकाळी कुणीतरी फोटो टाकणार... सोपान बर्फात, सोपान पुलावर, सोपानचा हात कुठल्याशा महापौराच्या खांद्यावर, आणि खाली ‘सोपानदा होते म्हणून झालं.’ दात घासताना एवढं सहन होत नाही माणसाला. म्हणून म्यूट. कुणीतरी शेवटी वेगळा फोन केला तेव्हा मी तळवड्यावरून महाळुंग्याला निघालो, तर कंपन्यांची शिफ्ट सुटलेली. पुढं बस, मागं कंटेनर, आणि मधे मी, स्कूटरच्या हॅंडलला गुंडाळलेल्या हाराच्या रिकाम्या पिशवीसकट. महाळुंग्याला पोचलो तेव्हा लोक परत फिरत होते, आपापल्या चपला शोधत होते. तीस वर्षांचा मित्र, आणि मी त्याला पोचवायला गेलो तो नानांना पोचवून आलो.

याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात सोपानवर तीन लेख छापून आले. एकाचा तो जिवलग होता, दुसऱ्याचा थोरला भाऊ, तिसऱ्याचा तर म्हणे प्राणच होता. तिघंही माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याला भेटलेले. तिसरा लेख वाचून मी पेपर इतक्या जोरात मिटला की चहा सांडला. मग पुरवणीच्या संपादकांना फोन केला, म्हटलं मीही लिहितो, मी त्याला सगळ्यांच्या आधीपासून ओळखतो. ते म्हणाले, ‘पण तुमचं त्यांच्याशी पटत नव्हतं ना?’ मी म्हटलं, ‘अहो, न पटण्याइतकी जवळीक दुसऱ्या कुणाची होती?’ त्यांना ते पटलं असावं. निदान जागा तरी दिली.

ज्यांना सोपान माहीत नाही त्यांना त्याचं काम सांगायला हवं. आपल्या लोकांना परदेशात सिनेमा किंवा जाहिरात करायची असली की व्हिसा हा सगळ्यात सोपा भाग. खरी गंमत पुढं. ज्या गावात कॅमेरा लावायचा त्या गावच्या नगरपालिकेची परवानगी वेगळी, रस्ता अडवायचा तर वाहतूकवाल्यांची वेगळी, रेल्वे स्टेशनात रेल्वेची, ड्रोन उडवायचा तर आणखी कुणाची. वर विमा. आणि सामान न्यायचं तर कार्नेट नावाचा कागद. सामानाचा पासपोर्टच म्हणा. त्यात प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक लेन्स लिहायची, जाताना शिक्का, तिकडे उतरताना शिक्का, परत येताना पुन्हा. नेलेली वस्तू परत आणली नाही तर कस्टमवाले हात धुऊन मागे लागतात. हे सगळं सोपान पिंपळे सौदागरच्या सोसायटीत, फ्लॅटच्या एका खोलीत बसून जुळवायचा. इंग्रजी त्याचं माझ्याहून वाईट होतं. माझं चांगलं आहे, असं मी आजवर कुणाला पटवू शकलेलो नाही.

आम्ही दोघांनी सुरुवात लग्नाच्या शूटिंगनं केली. माझे वडील लातूरकडून पिंपरीला कंपनीत आलेले, आम्ही चाळीत राहणारे. सोपान महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातला, जमीन कारखान्यांत गेलेली. कॅमेरा माझ्या खांद्यावर असायचा आणि तो मागं हॅलोजनचा दिवा धरून उभा राहायचा. म्हणजे कलावंत मी, आणि तो उजेड. पण पंगत बसली की यजमान दिवेवाल्याला शोधत यायचे. ‘सोपानराव, तुमी बसा आधी.’ मी कॅमेरा पुसत उभा. नवरीची आई त्याला आग्रहानं जिलबी वाढायची आणि मला विचारायची, ‘तुमचं झालं का हो?’ झालं का... सुरूच कुठं झालं होतं. माझ्या मत्सराचा उगम कुणाला संशोधनासाठी हवा असेल तर तो भोसरीतल्या एका मंगल कार्यालयातल्या जिलबीच्या ताटात आहे.

त्याचं गुपित म्हणाल तर गुपित नव्हतंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. त्यांच्या गावात लग्नाचं आवतण द्यायला घरचा माणूस जातो. नुसती पत्रिका कुणाच्या हाती धाडली तर भावकी रुसून बसते. ‘कार्ड आलं, माणूस न्हाई आला,’ असं म्हणून लग्नाच्या दिवशी खुशाल शेतावर निघून जातात. सोपाननं ही रीत उचलली आणि जिथं तिथं लावली. चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीची फिल्म मला मिळाली तेव्हा माझ्याकडे बड्या साहेबांच्या सहीचं पत्र होतं. मी ते छातीशी धरून गेटवर गेलो. सिक्युरिटीनं पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, ‘सेफ्टी शूज?’ बूट आणायला सांगितलं, आणले. मग मोबाइलवर स्टिकर. मग लेन्सचा गेटपास. मग लंच टाइम झाला. दुपारी एकदाचा आत गेलो तर सोपान कॅंटीनमध्ये बसून शिरा खात होता. आदल्या दिवशी येऊन तो गेटच्या केबिनपासून लाइनवरच्या सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना सांगून गेला होता, ‘उद्या आमचं कार्य हाय, समद्यांनी लक्ष ठेवायचं.’ त्याला आत सोडलं, एवढंच नाही, गेटवरच्या माणसानं त्याला सलाम ठोकला म्हणे. मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंस?’ तर म्हणाला, ‘तू पत्र घिऊन आला व्हतास की, राव. मला वाटलं, तुला गरज न्हाई.’

आता जर्मनी. गुलाबशेठ नावाचे महाळुंग्याचेच एक गृहस्थ, जमिनीचे पैसे आलेले, त्यांना सिनेमा काढायचा होता. नायक चाकणच्या कारखान्यात कामाला, कंपनी त्याला ट्रेनिंगला जर्मनीला पाठवते, तिथं तो गाणं म्हणतो. का म्हणतो, ते मी लिहिलं होतं, आता आठवत नाही. दिग्दर्शक मी. आयुष्यातला पहिला सिनेमा... आणि ‘परवानग्या बघायला कुणीतरी घेऊ’ म्हणून सोपान. शब्दसुद्धा माझेच होते, ‘कुणीतरी.’

ज्या गावात शूटिंग होतं त्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. छोटं गाव, मधे चौक, चौकात दगडी कारंजं. सोपान आमच्या दोन दिवस आधी गेला होता. परवानगीच्या अटींत एक अट अशी होती, की चौकातल्या रहिवाशांना शूटिंगची आगाऊ कल्पना द्यावी. म्हणजे दारात एक चिठ्ठी टाकली की भागतं. सोपान दारोदार गेला. बेकरीवाली बाई, औषधाचं दुकान, वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे म्हातारे, सगळ्यांना भेटून आला. जर्मन येत नाही, इंग्रजी ते असं. काय बोलला असेल देव जाणे. पण आम्ही पोचलो तेव्हा त्या चौकातून चालताना खिडक्या उघडत होत्या आणि माणसं हात हलवत होती, ‘सोपान, सोपान.’ बेकरीवालीनं त्याच्या हातात गरम पाव ठेवला. नगरपालिकेत परवानग्या बघणाऱ्या केलरबाई म्हणून होत्या, उंच, सायकलवरून फिरणाऱ्या, हसताना क्वचितच दिसणाऱ्या... त्या त्याच्याकडे बघून हसल्या. मी पुढं होऊन हात पुढं केला, ‘आय ॲम द डायरेक्टर.’ त्यांनी हात मिळवला आणि सोपानला विचारलं, ‘हे तुमच्याबरोबर आहेत का?’

शूटिंगच्या सकाळी मला मुहूर्ताचा नारळ फोडायचा होता. चिंचवडहून बॅगेतून नेला होता. सोपान आदल्या संध्याकाळी म्हणाला होता, ‘भावा, नारळ हॉटेलच्या खोलीत फोड. चौकात काय करायचं असंल तर मला इचारल्याबिगर करू नगस. मी बाईंना सांगतो, मग कर.’ सरळ गोष्ट होती. पण सकाळी तो बेकरीवालीला शूटिंग बघायला घेऊन यायला गेलेला, गुलाबशेठ घड्याळाकडे बघताहेत, पंचांगातली चांगली वेळ निघून चाललेली, आणि सगळं युनिट एकमेकांना विचारतंय, ‘सोपानदा कुठायत? सोपानदांना येऊ द्या.’ मी डायरेक्टर होतो की नाही? मी ताटलीत कापूर पेटवला, कॅमेऱ्याला ओवाळलं आणि नारळ कारंज्याच्या पायरीवर आपटला.

फुटला नाही. पुन्हा आपटला. टवका उडाला, मला वाटलं नारळाचा. तो पायरीचा होता. पायरी गावातल्या चर्चहून जुनी निघाली, हे मागाहून कळलं. तिसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी, त्वेषानं आपटला, आणि नारळ असा फुटला की पाणी गुलाबशेठच्या कोटावर आणि अर्धा नारळ समोर उभ्या केलेल्या सायकलच्या टोपलीत. सायकल केलरबाईंची होती. सायकलला धरून केलरबाईही होत्या. त्यांनी टोपलीतल्या नारळाकडे बघितलं, पेटत्या कापराकडे बघितलं, पायरीकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘स्टॉप.’ मग फोन काढला.

सगळं थांबलं. उघड्यावर जाळ करायला वेगळी परवानगी लागते, ती नव्हती. जुन्या दगडाला इजा झाली होती, तो बघायला माणूस येणार, तो येईस्तोवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. नायक-नायिका नटून थंडीत उभी. त्यांच्या तारखा तेवढ्याच होत्या, चौकही तेवढ्या दिवसापुरताच मिळालेला. गुलाबशेठ बाकावर बसले आणि कोटावरचं पाणी पुसत एकच म्हणाले, ‘गावात काय सांगू?’ मी उजेडासाठी आणलेल्या पांढऱ्या थर्मोकोलमागे जाऊन उभा राहिलो. माझा पहिला सिनेमा सुरू व्हायच्या आत संपला होता, आणि तोही शकुनाच्या नारळानं.

सोपान आला. बेकरीवालीला हाताला धरून. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. खाली बसला, पायरीचा टवका शोधून काढला, रुमालात बांधला आणि तो रुमाल दोन्ही हातांनी केलरबाईंना दिला. म्हणाला, ‘युवर डोअर. अवर मिस्टेक. यू टेल.’ मग खोबऱ्याचे तुकडे केले, बेकरीवालीकडून साखर मागून घेतली आणि प्रसाद घेऊन चौकातल्या घराघरांत गेला. बायका खिडकीतून हात बाहेर काढून तुकडा घेत होत्या. शेवटचा तुकडा केलरबाईंना. त्यांनी तो हातात धरून विचारलं, ‘हे केलं कुणी?’

आमचं युनिट एकजुटीचं. सगळ्यांनी एकदम थर्मोकोलकडे बोट दाखवलं. सोपाननं मला दंडाला धरून बाहेर काढलं, बाईंपुढं उभं केलं आणि माझी ओळख करून दिली, ‘माय फ्रेंड. फर्स्ट फिल्म. व्हेरी अफ्रेड.’ माझ्या आयुष्यावर अनेकांनी अभिप्राय दिले, इतका नेमका कुणाचा नाही. बाईंनी विचारलं, ‘नारळ दरवेळी फोडावाच लागतो का?’ सोपान म्हणाला, ‘ऑलवेज. नो कोकोनट, ही कॅन नॉट से ॲक्शन.’ बाईंनी टवक्याचा रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी तुमचा दगड तुम्ही बरोबर आणा.’ आणि खोबरं खाल्लं.

दुपारी दगडवाला माणूस आला, टवका चिकटवता येईल म्हणाला, खर्च विम्यातून होईल असं ठरलं आणि परवानगी परत मिळाली. उरलेल्या उन्हात गाणं उरकलं. सिनेमा चाकणला लागला, थोडे दिवस चालला, तेही गुलाबशेठच्या भावकीनं चालवला म्हणून. लोक बाहेर पडताना गाण्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, ‘मागं खिडकीत हात हलवणारी ती बेकरीवाली कसली भारी हाय, राव.’ तिला तिथं उभी कुणी केली होती, हे सांगायला नको.

त्यानंतर आमच्या दोघांचे रस्ते बदलले. माझा चाकणच्या कंपन्यांकडे वळला. हेल्मेट घाला, पिवळ्या पट्ट्यातून चाला, मशीन चालू असताना हात आत घालू नका, अशा फिल्म मी करतो. चांगल्या करतो. त्या बघून कुणी रडलेलं मला ठाऊक नाही, पण बोटं वाचली असतील. सोपानचा रस्ता विमानतळाकडे गेला. नारळाचा किस्सा त्यानं कुणाला सांगितला नाही, युनिटनं सांगितला, आणि ‘बिघडलेलं सावरणारा माणूस’ म्हणून त्याला बोलावणी येऊ लागली. म्हणजे नीट बघितलं तर त्याचा धंदा मी उभा करून दिला. त्यानं एक तपकिरी चामडी जाकीट घेतलं आणि ते मे महिन्यात पिंपळे सौदागरच्या भाजीबाजारातही घालून फिरायचा. घाम निथळतोय, पण जाकीट काढणार नाही. भाजीवाला विचारायचा, ‘कुठून आला, दादा?’ त्याला तेच हवं असायचं. दर नाताळाला केलरबाई त्याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा धाडायच्या. तो अर्धी बिस्किटं मला आणून द्यायचा, ‘घे, तुझ्या नारळाची हायती.’ मी सगळी खाऊन मग सांगायचो की कडक आहेत.

आणि तो दगड. केलरबाई चेष्टेत बोलल्या असतील किंवा रागात, सोपाननं ती अट समजून पाळली. निघोजेजवळच्या इंद्रायणीच्या पात्रातून त्यानं एक चपटा काळा दगड आणला, पाट्याच्या तुकड्यासारखा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा. पुढच्या दौऱ्याला तो त्यानं चक्क कार्नेटमध्ये लिहिला. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, आणि ‘स्टोन’. विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी विचारलं म्हणे, ‘ये क्या है?’ ‘पत्थर, साहब.’ ‘पत्थर क्यों ले जा रहे हो, उधर नहीं मिलता?’ सोपान म्हणाला, ‘मिलता है, साहब. लेकिन वो उनका है.’ साहेबांनी शिक्का मारला. आता कागदावर चढलेली वस्तू परत आणणं भाग, त्यामुळे दगड परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. जर्मनीला तर पुन्हा जाऊन आला, इटलीला गेला, नॉर्वेला गेला. ग्रुपवर फोटो, समुद्राकाठी बाकावर सोपान, जाकीट, आणि शेजारी दगड. माझ्या पासपोर्टवर एकाच फेरीचा शिक्का. त्या दगडाच्या नावावर किती. माणसाचा मत्सर करणारे पुष्कळ असतील, मी नदीतल्या गोट्याचा करत होतो. तेही कुठल्या हक्कानं, तर नारळ माझा होता, पायरी मी फोडली होती, आणि माझ्या फजितीतून निघालेल्या दगडावर आता परके डायरेक्टर आपले मुहूर्त करत होते. शेवटी मी ग्रुप म्यूट केला तो याच फोटोच्या सकाळी.

हे सांगायलाच हवं, की तो मला बोलवायचा. प्रत्येक दौऱ्याआधी स्वतः यायचा, चिंचवडला, माझ्या तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. मी म्हणायचो, ‘अरे, फोन करायचास.’ तो म्हणायचा, ‘आवतण फोनवर देत्यात का, राव?’ सोफ्यावर बसायचा, चहा बशीत ओतायचा, ‘येतो का? तुझ्यासारखा कॅमेरा धरणारा त्यांच्यात न्हाई कोन.’ आणि मी म्हणायचो, ‘एडिटिंग चालू आहे.’ माझं एडिटिंग कायम चालू असायचं. त्याच्या युनिटमध्ये जाऊन त्याला ‘सोपानदा’ म्हणणाऱ्या पोरांत उभं राहायचं, तेही नारळवाला म्हणून... नको वाटायचं. शेवटचा आला तो गेल्या दिवाळीनंतर. पोर्तुगालला चालला होता. जाकिटाची चेन ओढत जिन्याकडे वळला आणि म्हणाला, ‘बरं, ऱ्हायलं. दगड नेतोच हाय.’ मला तो टोमणा वाटला. दार जरा जोरात लावलं मी.

परवा पिंपळे सौदागरला त्यांच्या घरी गेलो. सुरेखावहिनींनी दार उघडलं. महाळुंग्याच्या दिवशी मी उशिरा पोचल्यापासून, आणि निगडीला भलत्यालाच हार घालून आलो हे कळल्यापासून, त्या माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. सोपानची खोली तशीच होती. भिंतीवर देशोदेशीची वेळ दाखवणारी घड्याळं, त्यातलं एक बंद. खुंटीवर जाकीट, त्याच्या गळपट्टीवर घामाचा पांढरा डाग. आणि गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावलेला दगड. घरी असला की सोपान त्याला हेच काम द्यायचा. वहिनी म्हणाल्या, जाकीट त्या जिवलगवाल्यानं मागितलंय, ‘थोरला भाऊ’वाल्याला बॅग पाहिजे. मी ताबडतोब म्हटलं, ‘वहिनी, मला तो दगड द्या. बाकी काही नको. त्याच्यावर हक्क माझाच आहे खरं तर. माझ्या नारळापायी आणला त्यानं, आणि मग जगभरच्या लोकांना वापरायला दिला.’

वहिनी चहा गाळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘कुनी वापरला?’

‘सगळ्यांनीच. मुहूर्ताला.’

‘भाऊजी, त्या लोकांचे मुहूर्त हितंच व्हत्यात, पुन्यामुंबैला. तकडं जाऊन कोन नारळ फोडतंय? एक नारळ फुटला न्हाई त्या दगडावर.’

मी खाली वाकलो. दगडावरून बोट फिरवलं. नदीतून काढला तेव्हा असेल तसाच गुळगुळीत. कुठं ओरखडा नाही, डाग नाही... ‘मग एवढं ओझं न्यायचा कशाला दरवेळी?’

‘तुमच्यासाटी. आन कुनासाटी?’ चहाचा कप माझ्या पुढ्यात ठेवून त्या समोर बसल्या. ‘मी दरखेपी बोलायचे, अवो, ते भाऊजी न्हाई म्हनलेत ना, मग दगड ठिवा की घरी, खांदा दुखतोय तुमचा. तर म्हनायचे, त्याचा नेम न्हाई. ऐनवेळी यील. आला तर नारळ फोडल्याबिगर त्याला ॲक्शन म्हनता येत न्हाई.’

वारा आला. दार दगडावर टेकलं आणि थांबलं. मी कप उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हटलं, ‘मी येणारच होतो कधीतरी, वहिनी.’

‘त्यांचा इस्वास व्हता तसा,’ वहिनी म्हणाल्या. ‘आन तुमी आला, ते निगडीला.’